युरोपच्या सहलीसाठी एसयूव्ही की स्टेशन वॅगन?

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपात स्वतः गाडी चालवत फिरण्याचा बेत आखणाऱ्या कुटुंबांत विमानाची तिकिटे, शेंगेन व्हिसा आणि हॉटेले यांवर महिनोन्महिने खल होतो आणि भाड्याची गाडी मात्र पाच मिनिटांत ठरते. चौघे आहोत, सामान भरपूर आहे, वाटेत आल्प्स आहेत, म्हणजे एसयूव्हीच हवी. यातली तिन्ही विधाने खरी असतात. निष्कर्ष तेवढा चुकलेला असतो. चार माणसे, चार मोठ्या बॅगा आणि डोंगररस्ते यांच्यासाठी युरोपात जी गाडी घडवली गेली, ती स्टेशन वॅगन. तिच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, कारण ‘मोठी गाडी’ म्हणजे ‘उंच गाडी’ हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले आहे.

एसयूव्ही म्हणजे काय हे भारतीय वाचकाला सांगण्याची गरज नाही; आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीच उभी असते. स्टेशन वॅगन मात्र आपल्याकडे कधी रुजली नाही. १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली, पुढे मारुतीने बलेनो अल्टुरा आणली, टाटांनी इंडिगो मरीना आणली, आणि या साऱ्या गाड्या यथावकाश बाजारातून गेल्या. वॅगन म्हणजे साधी सेडान किंवा हॅचबॅकच. फक्त छत मागच्या टोकापर्यंत सरळ नेलेले आणि त्याखाली लांब डिकी. उंची मोटारगाडीचीच, लांबी जास्त. श्कोडा तिला कॉम्बी म्हणते, फोक्सवॅगन व्हेरिएंट, आउडी अवांत, बीएमडब्ल्यू टूरिंग आणि प्यूजो एसडब्ल्यू. युरोपातही आता नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक एसयूव्हीच विकल्या जातात हे मान्य. तरीही फोक्सवॅगनने आपली नवी पसाट तिथे केवळ वॅगनच्याच रूपात बाजारात ठेवली आहे, यावरून तिला अजून किती गिऱ्हाईक आहे ते कळावे.

आता ज्या एका गोष्टीवर सगळे अडखळतात तिच्याकडे वळू. ती गोष्ट म्हणजे डिकी, आणि त्यातही डिकीचे लिटर.

भाड्याच्या गाड्यांत चारचौघांना परवडणारी एसयूव्ही म्हणजे फॉर्च्युनर नव्हे. ती फोक्सवॅगन टी-रॉक, टी-क्रॉस, प्यूजो २००८ अशा जातीची, आपल्या क्रेटाच्या आसपासच्या मापाची गाडी असते. पहिल्या पिढीच्या टी-रॉकची डिकी ४४५ लिटरची आहे. श्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीची ६४० लिटर आणि गोल्फ व्हेरिएंटची ६११ लिटर. भाड्यात या गाड्या बहुधा एकमेकींच्या जवळपासच असतात. केवळ आकडेच पाहिले तरी वाद संपायला हवा. पण संपत नाही, कारण चौकशी करणारा मनातल्या मनात हिशेब करतो की मोठी चेक-इन बॅग साधारण ७५ सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ३० जाड, म्हणजे ११२ लिटर. चार बॅगांचे झाले ४५०. टी-रॉकची डिकी ४४५. पाच लिटरने काय अडते?

पाच लिटरने काहीच अडत नाही. अडते ते लिटर मोजण्याच्या पद्धतीने. युरोपातले उत्पादक डिकी मोजतात ती जर्मन मोटार उद्योग संघटनेच्या पद्धतीने. २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असा ठोकळा घ्यायचा, जो बरोबर एक लिटरचा होतो, आणि डिकीत असे जितके ठोकळे रचता येतील तितके लिटर लिहायचे. हा ठोकळा डिकीच्या तळाखालच्या खणात बसतो, चाकाच्या कमानीमागच्या कोनाड्यात बसतो, दाराजवळच्या निमुळत्या फटीतही बसतो. तुमची बॅग यांपैकी कुठेही बसत नाही. त्यात भर म्हणजे काही गाड्यांची मागची सीट पुढेमागे सरकते आणि जाहिरातीत आकडा छापतात तो सीट पुढे ओढल्यावरचा. टी-क्रॉसचे ४५५ लिटर तेव्हाचेच आहेत. मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना जागा द्यायची म्हणून सीट पूर्ण मागे घेतली की उरतात ३८५. उभट बरणी आणि पसरट डबा यांत धान्य सारखेच मावेल, पण पोळ्या एकातच ठेवता येतात. बॅगांची जात पोळ्यांची आहे. त्यांना लिटर लागत नाहीत, सपाट तळ लागतो.

तळाचा फरक प्रत्यक्ष कसा दिसतो ते पाहायचे असेल, तर म्युनिक किंवा झ्युरिक विमानतळावरच्या भाड्याच्या गाड्यांच्या मजल्यावर दहा मिनिटे उभे राहावे. वॅगनची डिकी मागच्या सीटपासून दारापर्यंत साधारण एक मीटर लांब असते. तीन बॅगा कुशीवर उभ्या करून शेजारीशेजारी सरकवायच्या, चौथी दाराच्या बाजूला आडवी लावायची, उरलेल्या फटींत खाऊची पिशवी आणि जॅकेटे कोंबायची, आणि दार लागते. लहान एसयूव्हीत तीच लांबी पाऊण मीटरच्या आसपास असते. तीन बॅगा पहिल्या प्रयत्नात जातात. मग चौथी हातात धरून घरातले कर्ते पुरुष डिकीसमोर उभे राहतात, तिन्ही बाहेर काढतात, आडव्या रचून पाहतात, डिकीवरचे झाकण काढून हॉटेलवर ठेवू म्हणतात, आणि अखेरीस चौथी बॅग वरच्या वर, मागच्या काचेला टेकवून ठेवली जाते. केबिन बॅगा मुलांच्या पायाशी जातात. जर्मनी आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांत बारा वर्षांखालील आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना वेगळी बाल-आसने बंधनकारक असल्यामुळे मागे आधीच जागेची चणचण असते, ती आणखी वाढते.

या ‘बसवली एकदाची’ प्रकाराचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला सुरक्षिततेचा. मागच्या काचेतून काही दिसत नाही, आणि जर्मनीच्या महामार्गावर मागून येणारी गाडी तुमच्या अंदाजापेक्षा फार लवकर जवळ येते. झाकणाच्या वर ठेवलेली वीस-बावीस किलोंची बॅग जोरात ब्रेक लावल्यावर मुलांच्या डोक्याच्या उंचीवरून पुढे येते. जर्मन वाहतूक नियमांचे कलम २२ स्पष्ट सांगते की अचानक ब्रेक लावला किंवा गाडी झटकन वळवली तरी सामान सरकता कामा नये. दुसरा परिणाम चोरीचा. विमानतळावरून थेट हॉटेल गाठणारे फारच थोडे. बहुतेक जण वाटेत एखादा धबधबा, एखादे गाव उरकतात. बार्सिलोनाच्या आसपास किंवा इटलीतल्या महामार्गांच्या विश्रांतिथांब्यांवर बाहेरून बॅगा दिसणारी भाड्याची गाडी म्हणजे चोराला आयते आमंत्रण. वॅगनच्या डिकीवर ओढून घ्यायचे गुंडाळी-झाकण असते. चारही बॅगा त्याखाली राहिल्या की काचेतून फक्त काळे कापड दिसते. माझ्या मते वॅगनच्या बाजूचा हा एकच मुद्दाही पुरेसा आहे.

भाड्याच्या संकेतस्थळांवर गाडीच्या चित्राखाली ‘२ मोठ्या, २ लहान’ अशी बॅगांची चिन्हे असतात, त्यांच्यावर विसंबणेही व्यर्थ. त्या चिन्हांमागची ‘मोठी’ बॅग किती मोठी, हे तिथे लिहिलेले नसते. भाकरवडी आणि थालीपिठाच्या भाजणीसह निघालेली आपली बॅग तिच्याहून लहान असण्याची शक्यता शून्य.

दुसरा गैरसमज आल्प्सचा. घाट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातला वरंधा किंवा आंबेनळी येतो, आणि तिथे उंच गाडीचा उपयोग खराच असतो, कारण रस्ता कुठे खचला असेल आणि कुठे दगड आला असेल याचा नेम नसतो. आल्प्समधली फुर्का खिंड २,४२९ मीटरवर आहे आणि स्टेल्व्हिओ २,७५७ मीटरवर, पण त्यांचा रस्ता डांबरी आणि नीट राखलेला आहे. फुर्कावर उन्हाळ्यात पोस्टाची पिवळी प्रवासी बसही चालते. शिवाय अशा उंच खिंडी हिवाळ्यात बंदच असतात आणि फुर्कासारखी खिंड मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये उघडते. मेच्या पहिल्या आठवड्यात जाणाऱ्याला रस्त्यावर आडवा लावलेला अडथळा एसयूव्हीतूनही ओलांडता येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे एसयूव्ही आणि फोर-व्हील ड्राइव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्यूजो २००८ फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मिळतच नाही. टी-रॉकच्या मोजक्याच आवृत्त्यांत ती सोय असते. उलट ऑक्टाव्हिया कॉम्बी फोर-व्हील ड्राइव्हमध्येही बनते. हिवाळ्यात जाणार असाल तर प्रश्न टायरचा आहे. चारही चाके फिरण्याचा उपयोग चढण्यासाठी होतो; उतारावर थांबण्यासाठी रबर लागते. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर बंधनकारक आहेत. जर्मनीत तारखा नाहीत, पण परिस्थिती तशी असली की बंधन लागू होते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर ग्राह्य धरतात. उन्हाळी टायरवरच्या एसयूव्हीपेक्षा हिवाळी टायरवरची वॅगन शतपटीने बरी.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. इंधन वॅगनला थोडे कमी लागते, कारण ती बुटकी असल्याने वारा कमी कापते. पार्किंगमध्ये लांबीचा जाच वॅगनचा जास्त: ऑक्टाव्हिया कॉम्बी जवळपास ४.७ मीटर आहे, पहिल्या पिढीची टी-रॉक सव्वाचार मीटरच्या आत. इटलीतल्या जुन्या गावांच्या गल्लीबोळांत हा अर्धा मीटर जाणवतो. पॅरिसमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून पाहुण्यांच्या जड गाड्यांना रस्त्यावरच्या पार्किंगसाठी तिप्पट दर आहे, मध्यवर्ती भागात तासाला १८ युरो. पण तो वजनावर ठरतो, उंचीवर नव्हे. पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड गाड्यांची मर्यादा १.६ टन आहे. तसेही पॅरिसमध्ये गाडी नेणारा दयेस पात्र आहे.

एसयूव्हीच्या बाजूने एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो. आई-वडील सोबत असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर वॅगनच्या खालच्या सीटवरून दिवसातून दहा वेळा उठणे त्यांना त्रासाचे होते. उंच सीटवर नुसते टेकायचे असते. अशा वेळी एसयूव्ही घ्यावी, पण एक पायरी वरची घ्यावी आणि बॅगा दोनच न्याव्यात. दुसरा अपवाद आइसलँडचा: तिथल्या उच्चभूमीतल्या ‘एफ’ रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्हची सक्तीच आहे. सहा जण असाल तर मात्र सात सीटची एसयूव्ही हा सर्वांत वाईट पर्याय, कारण तिसरी रांग उघडली की डिकीत दप्तराएवढीच जागा उरते. तेव्हा सरळ नऊ सीटची व्हॅन घ्यावी, जी तिथे साध्या मोटारगाडीच्या परवान्यावर चालवता येते. आणि दोघेच असाल तर या लेखाशी तुमचा संबंध नाही, गोल्फ घ्या आणि मजेत फिरा.

बुकिंग करताना चित्राकडे पाहू नये. चित्राखालची ‘किंवा तत्सम’ ही अक्षरे खरी. कंपनी तुम्हाला गाडी देत नाही, वर्ग देते, आणि त्या वर्गाचा चार अक्षरी संकेत असतो. पहिले अक्षर आकाराचे, दुसरे प्रकाराचे, तिसरे गिअरचे, चौथे इंधन आणि एसीचे. दुसऱ्या जागी ‘डब्ल्यू’ असेल तर वॅगन, ‘एफ’ असेल तर एसयूव्ही. तिसऱ्या जागी ‘ए’ असेल तर ऑटोमॅटिक, ‘एम’ असेल तर हाताचे गिअर. या दोन्ही अक्षरांत फोर-व्हील ड्राइव्हचे कोणतेही आश्वासन नाही, ते हवे असेल तर तिथे ‘बी’ किंवा ‘डी’, अथवा हाताच्या गिअरसाठी ‘एन’ किंवा ‘सी’ लागते. स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी आणि गिअरसाठी उजवा हात, एवढे सगळे पहिल्याच दिवशी अंगावर घेण्यात शहाणपणा नाही, म्हणून ऑटोमॅटिकचे पैसे द्यावेत. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने शोधायचा संकेत ‘आयडब्ल्यूएआर’ किंवा ‘सीडब्ल्यूएआर’.

एवढे करूनही काउंटरवरचा मनुष्य हसतमुखाने सांगेल की वॅगन संपली आहे, पण त्याच भाड्यात तुम्हाला वरच्या वर्गाची एसयूव्ही देतो. आपल्याला ‘अपग्रेड’ या शब्दाची भुरळ पडते आणि आपण आभार मानून किल्ली घेतो. तसे करू नये. आधी गाडीचे नेमके मॉडेल विचारावे आणि बॅगा घेऊन पार्किंगच्या मजल्यावर जावे. चारही बॅगा डिकीत ठेवून झाकण ओढून पाहावे, आणि ते लागत नसेल तर गाडी जागेवरून न हलवता परत येऊन बदलून मागावी. एकदा फाटकाबाहेर पडलात की ती गाडी सहल संपेपर्यंत तुमचीच.