मनगट तयार झालं, चेहरा होईल का?

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की वातावरण तापतं. 2019च्या जानेवारीत कारवाई सुरू झाली तेव्हा लोक विरोधात रस्त्यावर उतरले होते. वस्तू जीव वाचवणारी, तरी डोक्यावर नको! याच शहरात दुचाकीवरच्या मुलींनी मात्र डोळे सोडून अख्खा चेहरा झाकणारा स्कार्फ कुणी न सांगता आपलासा केला. एखादी वस्तू कितीही उपयोगाची असली, तरी लोक ती अंगावर घालतीलच असं नाही. अंगावर बाळगायच्या संगणकांचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

असे संगणक काल-परवाचे नाहीत. एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञांनी 1961 मध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवला. जुगारातल्या रूलेटच्या फिरत्या चक्रावरची गोटी कुठे थांबेल, याचा अंदाज तो बांधायचा. बुटातली बटणं पायाच्या अंगठ्याने दाबायची आणि उत्तर कानातल्या इवल्याशा स्पीकरमधून सुरांच्या रूपात ऐकायचं. लास व्हेगासमध्ये त्यांनी तो वापरूनही पाहिला, पण कानाकडे जाणारी बारीक तार सारखी तुटायची.

तो संगणक कुणाला दिसू नये अशी सगळी धडपड होती. 2013 मध्ये आलेला गूगल ग्लास हा संगणकाचा चष्मा मात्र थेट चेहऱ्यावर होता, कॅमेऱ्यासह. किंमत 1,500 डॉलर. अमेरिकेतल्या काही बारवाल्यांनी तो घालून आत यायला मनाई केली आणि जानेवारी 2015 मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. कारखान्यांसाठीची आवृत्ती पुढे 2023 पर्यंत चालू राहिली. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. कारखान्यात हा चष्मा कशासाठी घातलाय हे शेजारच्या कामगाराला ठाऊक असतं. रस्त्यावर समोरून येणाऱ्याला ते कळायला मार्गच नसतो.

मनगटाचं तसं नाही. ती जागा घड्याळाने आधीच मिळवून ठेवली होती, आणि तीही सहजासहजी नव्हे. युरोपात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशातून घड्याळ काढणं अवघड झालं, तेव्हा कुठे ते पुरुषांच्या हातावर रुळलं. आज पर्वतीवर किंवा तळजाईला सकाळी फेरी मारा, स्मार्टवॉच बांधलेली किती मनगटं दिसतात! आजोबाही वर पोचल्यावर आधी ठोके बघतात, मग टेकतात.

ते ठोके मोजले कसे जातात हे बघण्यासारखं आहे. घड्याळ उलटं केलं की हिरवे दिवे दिसतात. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त किंचित वाढतं, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित घटतो. हा चढउतार शेजारचा सेन्सर सेकंदाला अनेकदा टिपतो. अडचण येते ती हात हलल्यावर. पर्वतीच्या 103 पायऱ्या झपझप चढताना हातही एका तालात हलतो आणि कधीकधी घड्याळ हृदयाऐवजी पावलांचाच ताल पकडून बसतं. पट्टा सैल असला, मनगटावर गडद गोंदण असलं, तरी आकडा चुकू शकतो. म्हणून त्या आकड्यावरून कुणी स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नये, एवढं कळकळीने सांगावंसं वाटतं.

साखर मोजणाऱ्या, त्वचेवरच्या सेन्सरबद्दल मला सगळ्यात जास्त आशा आहे. दंडामागे चिकटवायची रुपयाएवढी चकती. तिचा केसासारखा तंतू त्वचेखालच्या द्रवात राहतो, तंतूवरचं एन्झाइम तिथल्या ग्लुकोजशी क्रिया करतं आणि तयार झालेल्या सूक्ष्म विजेवरून साखर कळते. रक्तातल्या साखरेच्या मानाने हा आकडा काही मिनिटं मागे असतो. तरी बोटाला पुन्हा पुन्हा टोचायचा त्रास बराच वाचतो, आणि चकती बाहीखाली झाकली जाते. एक चकती साधारण दोन आठवडे चालते. अडतं ते किमतीपाशी, संकोचापाशी नाही.

चष्म्याला मात्र दोन्हीकडून अडचण आहे, घालणाऱ्याकडून आणि समोरच्याकडूनही. नाक आणि कान फार वजन पेलत नाहीत, त्यामुळे बॅटरी लहान ठेवावी लागते. प्रोसेसर जोरात चालवला तर कानशिलाला ऊब लागते. ॲपलने 2024 मध्ये विक्रीला आणलेलं, डोळ्यांवर बांधायचं व्हिजन प्रो तर 600 ग्रॅमच्या वर आहे, आणि बॅटरी वेगळी, वायरने जोडलेली. हा भाग इंजिनिअर सोडवतील, कारण चिप दर पिढीत कमी वीज खाऊ लागल्या आहेत.

समोरच्या माणसाचं काय? रे-बॅन मेटासारख्या कॅमेऱ्याच्या चष्म्यांत रेकॉर्डिंग चालू असताना फ्रेमवर छोटा दिवा लागतो. लक्ष्मी रोडवर भर दुपारच्या उन्हात, दिवाळीच्या गर्दीत तो दिवा कुणाला दिसणार? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं, 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही झाला. पण एखाद्या व्यक्तीने निव्वळ खासगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे भाजी घेताना शेजारच्याने चष्म्यातून तुमचं चित्रण केलं आणि स्वतःपाशीच ठेवलं, तर या कायद्याचा तुम्हाला आधार नाही. त्यामुळे घड्याळ आणि चकती घरोघरी पोचतील याची मला खात्री वाटते. कॅमेऱ्याच्या चष्म्याबद्दल, ही फट बुजेपर्यंत, तसं म्हणवत नाही.