कोहेन-बॉयर पेटंट

डीएनएचे तुकडे कापून, जोडून ते जिवाणूंमध्ये वाढवण्याच्या तंत्रावर स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांनी मिळून घेतलेली तीन अमेरिकी पेटंटे (1980, 1984 आणि 1988). संशोधक स्टॅनली एन. कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांच्या नावांनी ती ओळखली जातात. विद्यापीठातले संशोधन उद्योगाकडे कसे जाते, याचा विषय निघाला की पहिले उदाहरण बहुधा याच पेटंटांचे दिले जाते. 1997 साली मुदत संपेपर्यंत 468 कंपन्यांनी त्यांचे परवाने घेतले आणि दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे 25.5 कोटी डॉलर मिळाले.

संशोधन

नोव्हेंबर 1972 मध्ये होनोलुलू येथे प्लास्मिडांवरील परिषदेत कोहेन आणि बॉयर यांची गाठ पडली. कोहेन स्टॅनफर्डमध्ये प्लास्मिडांवर, म्हणजे जिवाणूतील मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या असलेल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर, काम करत होते. बॉयर यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील (सॅन फ्रान्सिस्को) प्रयोगशाळेकडे ‘इको-आर-वन’ हे विकर (एन्झाइम) होते. ते डीएनए ठरावीक जागी कापते आणि कापलेली टोके ‘चिकट’ ठेवते, त्यामुळे त्याच विकराने कापलेला दुसरा कोणताही तुकडा तिथे येऊन बसू शकतो. एकाकडे वाहन होते, दुसऱ्याकडे कात्री. परिषदेच्या दिवसांतच एका रात्री खाण्याच्या टेबलावर दोघांचे एकत्र काम करायचे ठरले.

पुढच्या काही महिन्यांत प्रयोग साधला. कोहेन यांच्या प्लास्मिडामुळे जिवाणू टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद देत नसे. त्यात कॅनामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला दाद न देऊ देणारे जनुक जोडून ते ई. कोलाय जिवाणूंत सोडले आणि दोन्ही प्रतिजैविके घातलेल्या माध्यमावर जिवाणू पसरले. एरवी तिथे काहीच उगवले नसते, पण वसाहती उगवल्या. जोड जमली होती आणि जिवाणू दुभंगताना तिच्या प्रतीही काढत होता. या प्रयोगावरचा निबंध नोव्हेंबर 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. 1974 च्या निबंधात आफ्रिकन बेडकाचा डीएनए जिवाणूत शिरला, आणि मग वर्तमानपत्रांनीही दखल घेतली.

(हे कोहेन आणि 1986 चे नोबेल मिळवणारे स्टॅनली कोहेन या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. नामसाधर्म्यामुळे मराठीतच नव्हे, इंग्रजी लेखनातही घोळ होतो.)

पेटंटचा अर्ज

पेटंट घ्यावे, हे दोघा संशोधकांच्या मनातही नव्हते. स्टॅनफर्डच्या तंत्रज्ञान परवाना कार्यालयाचे प्रमुख नील्स रायमर्स यांच्या हाती मे 1974 मध्ये वर्तमानपत्रातले एक कात्रण आले आणि त्यांनी कोहेन यांना फोन केला. हे कार्यालय तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. रायमर्स पेशाने अभियंता. पेटंटचे कागद तयार करत बसण्यापेक्षा शोधाला गिऱ्हाईक शोधणे हे आपले काम, अशी त्यांची धारणा होती. कोहेन सुरुवातीला राजी नव्हते. हा शोध अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या कामावर उभा आहे, त्यावर मालकी कशी सांगायची, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो खोटाही नव्हता. रायमर्सनी त्यांचे मन वळवले.

अमेरिकी कायद्यात निबंध प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. ही मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, 4 नोव्हेंबर 1974 रोजी, अर्ज दाखल झाला. युरोप-जपानमध्ये अशी मोकळीक नसल्याने अमेरिकेबाहेरचे हक्क तोवर हातचे गेले होते. भारतीय कायद्यातही अशी सरसकट सवलत नाही, तरी ‘आधी पेपर, मग पेटंट’ म्हणणारे संशोधक आपल्याकडे आजही भेटतात.

अर्ज मंजूर व्हायला सहा वर्षे लागली. निबंधांचे सहलेखक रॉबर्ट हेलिंग आणि जॉन मोरो यांनी ‘आम्ही सहसंशोधक नाही’ असे लिहून द्यायला नकार दिला. याच क्षेत्रातले पॉल बर्ग यांच्यासारखे स्टॅनफर्डचेच सहकारी नाराज होते. 1975 च्या असिलोमार परिषदेत या तंत्राच्या धोक्यांची चर्चा चालू असताना त्यावर विद्यापीठ पैसे कमवू पाहते, हे अनेकांना खटकले. शिवाय संशोधनाला पैसा सरकारी होता, तेव्हा मालकी कोणाची हा प्रश्न होताच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1978 मध्ये विद्यापीठांच्या बाजूने निर्णय दिला.

मग 1980 साली सगळेच एकदम जुळून आले. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या खटल्यात, माणसाने घडवलेल्या जिवाणूलाही पेटंट मिळू शकते, असा निकाल दिला. 2 डिसेंबरला कोहेन-बॉयर यांचे पहिले पेटंट मंजूर झाले. त्यानंतर दहाच दिवसांत बाय-डोल कायद्यावर सही झाली आणि सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी स्वतःकडे ठेवण्याचा हक्क विद्यापीठांना मिळाला.

परवान्याच्या अटी

या पेटंटांचे खरे कसब परवान्यात आहे. एकाच कंपनीला मक्ता देऊन मोठी रक्कम उचलणे रायमर्सना शक्य होते, पण त्यांनी परवाना मागेल त्याला देण्याचे ठरवले. सही करताना दहा हजार डॉलर, दरवर्षी दहा हजार डॉलर, आणि उत्पादन बाजारात आले की विक्रीवर एक टक्का किंवा त्याहून कमी रॉयल्टी. विद्यापीठांतल्या व ना-नफा संशोधनाला काहीच शुल्क नव्हते. 15 डिसेंबर 1981 पूर्वी सही करणाऱ्यांना पुढच्या रॉयल्टीत घसघशीत वजावट जाहीर झाली आणि त्या तारखेपर्यंत 73 कंपन्यांनी सह्या केल्या.

हिशेब साधा होता. हे पेटंट न्यायालयात टिकेल की नाही, याची कोणालाच खात्री नव्हती. पण लढण्यापेक्षा पैसे भरणे इतके स्वस्त होते की त्याला आव्हान देण्याच्या फंदात कोणी पडलेच नाही. परवान्यात आणखी एक कलम होते: जनुक-जोडणीबाबत राष्ट्रीय आरोग्य संस्थेची सुरक्षिततेची जी नियमावली आहे, ती परवानाधारकाने पाळावी. एरवी ही नियमावली सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रयोगशाळांनाच लागू होती. खासगी उद्योग तिच्या कक्षेत आला तो असा मागच्या दाराने.

स्टॅनफर्ड व्यवस्थापनापोटी पंधरा टक्के कापून घेई, उरलेली रक्कम दोन्ही विद्यापीठांत निम्मी-निम्मी वाटली जाई. स्टॅनफर्डच्या नियमानुसार तिथल्या वाट्याचे पुन्हा तीन भाग होत: संशोधक, त्याचा विभाग आणि त्याची विद्याशाखा. उत्पन्नाचा मोठा भाग शेवटच्या काही वर्षांत आला, कारण औषध प्रयोगशाळेतून दुकानात पोहोचायलाच दशक जाते.

जेनेंटेक

परवान्याचा मार्ग कागदोपत्री तयार होत असताना बॉयर स्वतः दुसऱ्या वाटेने गेले. एप्रिल 1976 मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन या तरुण गुंतवणूकदाराबरोबर त्यांनी ‘जेनेंटेक’ ही कंपनी काढली. दोघांनी सुरुवातीला पाचपाचशे डॉलर घातले. 1978 मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात कंपनीला यश आले. इलाय लिली कंपनीने ते पुढे नेले आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झाले. त्याआधी मधुमेहींचे इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. बॉयर प्राध्यापकपदही सांभाळत होते, त्यावर विद्यापीठात बरीच टीका झाली. पुढे मात्र प्राध्यापकांनी कंपन्या काढणे नित्याचे झाले.

अनुकरण

बाय-डोल कायद्यानंतर अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी परवाना कार्यालये उघडली. त्यांतल्या अनेकांना स्वतःचा खर्चही भागवता येत नाही. कोहेन-बॉयर तंत्र हे उत्पादन नव्हते, तर शेकडो उत्पादनांना लागणारे अवजार होते, आणि ते वापरायला कंपन्यांना विद्यापीठाच्या मदतीची फारशी गरज नव्हती; निबंध वाचून काम सुरू करता येत होते. बहुतेक शोधांचे असे नसते. त्यांना बाजारात आणायला संशोधकाला वर्षानुवर्षे कंपनीबरोबर बसावे लागते, आणि नुसत्या कराराने ते घडत नाही.

तिन्ही पेटंटांची मुदत 2 डिसेंबर 1997 रोजी एकाच वेळी संपली. भारतात बाय-डोलच्या धर्तीवर सरकारी निधीतून निर्माण झालेल्या बौद्धिक संपदेचे विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्यावर बरीच टीका झाली आणि 2014 मध्ये ते मागे घेण्यात आले.