शंभर ग्रॅम सोयाबीन कॅमेऱ्यापुढे

दाणा दाताखाली कट्कन फुटला तर वाळलेला, दबून चपटा झाला तर ओला. बाजार समितीत ही परीक्षा आजही चालते आणि ती फारशी चुकत नाही. पण ओलावा १२ टक्के आहे की १४, हे दात सांगू शकत नाहीत आणि सोयाबीनची हमीभाव खरेदी नेमकी १२ टक्क्यांवर अडते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. या तीन टक्क्यांची किंमत काढून पाहू. १५ टक्के ओलाव्याच्या क्विंटलभर सोयाबीनमध्ये कोरडा माल ८५ किलो. तो १२ टक्क्यांपर्यंत वाळवला की वजन भरते ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६.६ किलो. फरक तीन टक्क्यांचा दिसतो, घट मात्र ३.४ किलोची असते.

हातात मावणारे मॉइश्चर मीटर दाणे आत भरल्यावर विद्युतभार किती साठतो यावरून ओलावा ओळखते. धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये कोरडा दाणा भरला तर विद्युतभार साठवण्याची क्षमता दोन ते पाच पट होते. शुद्ध पाण्याने ती सुमारे ८० पट होते. म्हणून थोडे पाणी वाढले तरी आकडा हलतो. पण तो इतर कारणांनीही हलतो. मीटर गव्हाच्या सेटिंगवर ठेवून सोयाबीन मोजले, दाणे हलके ओतण्याऐवजी दाबून भरले, किंवा उन्हात तापलेला माल लगेच मोजला, तर आकडा चुकतो. दवाने वरून ओलसर झालेला दाणा आतून कोरडा असला तरी मीटर त्याला ओलाच समजते. शंका आली तर मीटर भट्टीच्या चाचणीशी ताडून पाहावे. अख्खे सोयाबीन १०३ अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवून वजनातली घट मोजणे ही त्याची एक मान्य पद्धत आहे.

ओलाव्याचे हे असे. डागी, हिरवट, फुटके, किडके दाणे आणि काडीकचरा मोजायला मात्र आता कॅमेरा आला आहे. १०० ग्रॅम नमुना कंपन पावणाऱ्या ताटलीवरून एका थरात पसरतो. ताटलीचा रंग बहुधा निळा असतो, कारण पिवळ्या, तपकिरी आणि हिरव्या दाण्यांपैकी कोणताच त्यात मिसळत नाही. चित्रात पहिले काम असते दाणे वेगळे करण्याचे. दोन दाणे चिकटले की संगणकाला ती एकच लांबट वस्तू दिसते. त्यावरचा उपाय पाणलोटाचा आहे. प्रत्येक ठिपका कडेपासून जितका आत, तितका तो खोल समजायचा. मग दोन्ही दाण्यांच्या मधोमध दोन खड्डे तयार होतात. त्यांत पाणी भरत गेले, की दोन पाणी जिथे मिळतील तिथे बांध घालायचा. तो बांध म्हणजेच दोन दाण्यांमधली सीमा. त्यानंतर प्रत्येक दाण्याचा रंग, आकार आणि पोत पाहून त्याचा वर्ग ठरतो. हे वर्ग संगणक आधी जाणकारांनी निवडून दिलेल्या हजारो चित्रांवरून शिकलेला असतो.

आता खोच येते ती टक्केवारीत. मानके वजनाची आणि कॅमेऱ्याला दिसते क्षेत्रफळ. दाण्यांच्या बाबतीत हे रूपांतर जमते. पण दाण्याएवढाच खडा दाण्याच्या दुपटीहून जड असतो. यंत्र दोघांना सारखेच वजन देत असेल, तर कचऱ्याचे प्रमाण निम्म्याहून कमी दाखवेल. म्हणून नमुना आधी चाळावा, माती आणि बारीक मातेरे वजनकाट्यावर घ्यावे आणि चाळणीवर उरलेला मालच कॅमेऱ्याखाली टाकावा.

वाणाचाही प्रश्न आहे. जेएस ३३५ या जुन्या वाणाच्या दाण्याची नाभी, म्हणजे दाणा शेंगेला जिथे जोडलेला असतो ती खूण, काळी असते. तिला डाग समजले, तर निरोगी मालही डागी ठरतो. उलट, छिद्र खालच्या बाजूला असेल तर वरच्या एकाच कॅमेऱ्याला ते दिसत नाही. ताटली हलवून तोच नमुना तीनदा घेतला की यातली बरीच चूक उघडी पडते. तुरीत आणखी एक अडचण येते. भुंगेऱ्याची अळी दाण्याच्या आत असते आणि ठळक छिद्र पडते ते भुंगेरा बाहेर पडल्यावर. तोवर कॅमेरा तो दाणा चांगलाच म्हणतो. त्यासाठी क्ष-किरण लागतात.

पण सर्वांत मोठी चूक यंत्राच्या आधीच होऊन गेलेली असते. १०० ग्रॅममध्ये सोयाबीनचे साधारण ९०० दाणे येतात. समजा, ढिगात ३ टक्के दाणे डागी आहेत आणि मर्यादाही ३ टक्केच आहे. मग नमुन्यात सरासरी २७ डागी दाणे यावेत, पण निव्वळ योगायोगाने १७ किंवा ३७ सुद्धा येऊ शकतात. म्हणजे तोच ढीग एकदा १.९ टक्के दाखवेल, एकदा ४.१. यंत्राने एकही दाणा चुकीचा ओळखला नाही, तरी हे घडेल. असे चार नमुने घेऊन सरासरी काढली, तर हा झोका निम्मा होतो.

हे गणितही नमुना ढिगाचा खरा प्रतिनिधी असेल तरच लागू पडते. ट्रॉली रिकामी करताना जाड दाणे घरंगळत कडेला जातात, माती आणि फुटके मधोमध बसतात. कडेची ओंजळ उचलली तर माल उजळ दिसतो, मधली उचलली तर मळका. म्हणून ढिगाच्या वर, मध्ये, तळाशी आणि कडेला परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घालून माल काढावा. ताडपत्रीवर नीट मिसळून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, बाकीचे परत ढिगात टाकावेत आणि हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हेच पुन्हा करावे. शेतकऱ्याने छापील अहवालासोबत याच नमुन्याचा अर्धा भाग हवाबंद पिशवीत, आपल्या आणि तपासणाऱ्याच्या सहीने मागून घ्यावा. आकडा मान्य नसेल, तर फेरतपासणीला हाच भाग लागतो. ढीग तोवर गोदामात मिसळलेला असतो.