‘फ्यूअर’ आणि ‘लेस’: मोजणे आणि मापणे

‘फ्यूअर’ आणि ‘लेस’ या दोन्ही इंग्रजी शब्दांना आपण ‘कमी’ म्हणतो. मराठीत चुका कमी असोत वा पाणी कमी असो, एकाच शब्दावर भागते, त्यामुळे या दोहोंतला फरक आपल्या कानाला सहसा जाणवत नाही. शाळेत शिकवला जाणारा नियम असा की, एकेक करून मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘फ्यूअर’ आणि तशा मोजता न येणाऱ्यांसाठी ‘लेस’ वापरावा. म्हणून रस्त्यावरच्या गाड्या घटल्या तर ‘फ्यूअर कार्स’, पण वर्दळ घटली तर ‘लेस ट्रॅफिक’.

हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. अडते ते अंतर, पैसा आणि काळ यांच्यापाशी. मैल, डॉलर, वर्षे ही सगळी मोजता येतात, तरीही ‘लेस दॅन फाइव्ह माइल्स’, ‘लेस दॅन फिफ्टी डॉलर्स’ आणि ‘लेस दॅन थ्री इयर्स’ हेच स्वाभाविक इंग्रजी ठरते, कारण बोलणाऱ्याच्या मनात पाच सुटे मैल किंवा पन्नास सुट्या नोटा नसून एक सलग अंतर, एक एकूण रक्कम असते. येथे ‘फ्यूअर’ घातला, तर वाक्य व्याकरणाच्या धाकाने लिहिल्यासारखे वाटते. म्हणजे नाम मोजता येते का, यापेक्षा आपण ते मोजतो आहोत की मापतो आहोत, हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

नियमाचा कडकपणाही तसा अलीकडचा आहे. नवव्या शतकात इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या लेखनात शब्दांच्या संख्येसाठी ‘लेस’चेच जुने रूप आढळते. 1770 मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी संख्येसाठी ‘फ्यूअर’ अधिक शोभून दिसतो असे लिहिले, तेही स्वतःची पसंती म्हणून; पुढच्या व्याकरणकारांनी त्या पसंतीचा कायदा केला. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने 2008 मध्ये थोड्या वस्तू घेणाऱ्यांच्या बिल-काउंटरवरच्या ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाटीत ‘लेस’ हवा की ‘फ्यूअर’, या वादातून ‘अप टू टेन आयटम्स’ असा मार्ग काढला, ज्यात दोन्ही शब्द टळले. बोलताना कोणी ‘लेस मिस्टेक्स’ म्हटले तर त्याला टोकण्याचे कारण मला दिसत नाही. औपचारिक लेखनात मात्र ‘फ्यूअर’ पाळलेला बरा.

नामाआधी विशेषण आले की मात्र शब्दाच्या निवडीने अर्थच फिरतो. ‘वुई नीड फ्यूअर कॉम्प्लिकेटेड रूल्स’ म्हणजे किचकट नियमांची संख्या घटवा. ‘वुई नीड लेस कॉम्प्लिकेटेड रूल्स’ म्हणजे नियम हवे तितके असू द्या, पण ते सोपे करा, कारण येथे ‘लेस’ नियमांना नव्हे, तर किचकटपणाला लागतो. धोरणाच्या मसुद्यात ही अदलाबदल झाली, तर मागणीच वेगळी होते. ‘जास्त’च्या बाजूला ही सोय उरलेली नाही: संख्येसाठी पूर्वी ‘मो’ असा वेगळा शब्द होता, तो प्रचारातून गेला, आणि ‘मोर कॉम्प्लिकेटेड रूल्स’ म्हणजे किचकट नियम आणखी हवेत की नियम अधिक किचकट हवेत, हे आता संदर्भावरूनच ठरवावे लागते.