ईआयए कोर्सचं प्रमाणपत्र आणि नॅबेटची मान्यता: दोन्ही एकच नव्हेत

पर्यावरणशास्त्रात एमएस्सी किंवा नियोजनात एम.प्लॅन केलेली मुलं हमखास विचारतात, ‘ईआयएचा, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा, ऑनलाइन कोर्स केला की त्याच्या अहवालावर तज्ज्ञ म्हणून सही करता येते ना?’ नाही येत. तरी हा समज टिकून आहे, कारण कोर्सच्या जाहिरातीत ‘नॅबेट’ या मान्यता देणाऱ्या मंडळाचं नाव ठळक असतं आणि बाकीचा मजकूर बारीक.

आधी मान्यतेचं पाहू. मोठी खाण, औष्णिक वीज प्रकल्प, बंदर, महामार्ग किंवा २०,००० चौरस मीटर व त्याहून जास्त बांधकाम असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा (ईआयए) अहवाल लागला, तर तो कुणीही लिहून चालत नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या नॅबेट या मंडळाने मान्यता दिलेल्या सल्लागार संस्थेकडूनच तो करून घ्यावा लागतो. ही अट २०१६ पासून थेट अधिसूचनेतच आहे.

आता त्या वाक्यातला ‘संस्था’ हा शब्द पुन्हा वाचा. मान्यता संस्थेला मिळते. संस्था अर्ज करताना आपल्या माणसांची नावं देते आणि मूल्यांकन करणारे त्या प्रत्येकाचं शिक्षण, अनुभव आणि आधी केलेलं काम तपासतात, समोर बसवून प्रश्न विचारतात. मग कुणाला एखाद्या उद्योगक्षेत्रासाठी ईआयए समन्वयक म्हणून मंजुरी मिळते, कुणाला विषयतज्ज्ञ म्हणून. विषय बारा आहेत. त्यांत हवा प्रदूषण, जैवविविधता, भूजल, आवाज आणि कंपनं, सामाजिक-आर्थिक बाजू, जोखीम हे सगळं येतं. नियोजनाची पदवी असलेल्यांना बहुधा ‘जमीनवापर’ हा विषय जवळचा पडतो. उपग्रहचित्रं, जीआयएस (संगणकीय नकाशे), विकास आराखड्याशी जुळवणी हे त्यांचं रोजचं कामच असतं. आणि ज्या विषयात मंजुरी, त्याच विषयापुरती सही. भूजलाच्या तज्ज्ञाने जैवविविधतेच्या प्रकरणाखाली नाव घातलं तर ते चालत नाही. अहवालात कोणत्या तज्ज्ञाने कोणता भाग केला याची सहीनिशी घोषणा जोडावीच लागते.

नोकरी बदलली तर? नव्या संस्थेला तुमचं नाव आपल्या मान्यतेत नव्याने घालून घ्यावं लागतं. आधीची मंजुरी तिथे कामी येऊ शकते, पण ती खिशात घालून स्वतंत्र दुकान थाटता येत नाही.

कोर्सच्या प्रमाणपत्राचं नेमकं उलटं. ते तुमच्या नावाचं असतं, तुमच्याबरोबर कुठेही येतं, पण त्याने अधिकार कोणताच मिळत नाही. ते सांगतं इतकंच की तुम्ही अमुक तास बसलात आणि बहुतेक शेवटी एक चाचणी दिलीत. कोर्सला मान्यता असली तरी ती कोर्सची. तुमची नव्हे. (असाच आणखी एक घोळ नॅबेट आणि एनएबीएल यांचा. एनएबीएल प्रयोगशाळांना मान्यता देतं. हवेचे, पाण्याचे नमुने तिथे तपासले जातात. नावं सारखी वाटतात, दोन्ही मंडळं गुणवत्ता परिषदेचीच आहेत, म्हणून बायोडेटात सर्रास अदलाबदल होते.)

मग कोर्स करूच नये का? करावा, पण कशासाठी ते ठरवून. या धंद्यात ज्ञान फार लवकर शिळं होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि काम सुरू झाल्यावर मागाहून पर्यावरण मंजुरी देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. जूनमध्ये कोर्स केलेल्याच्या नोट्स डिसेंबरपर्यंत चुकीच्या झाल्या होत्या! संमतीपत्रांचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनांनी पर्यावरण मंजुरी घेतलेल्या उद्योगांना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उभारणी-संमतीतून सूट दिली. ‘आधी मंजुरी, मग उभारणीची संमती, मग चालवण्याची संमती’ ही पाठ केलेली साखळीच तिथे तुटली.

अमेरिकेत पात्रता आणि सतत शिकत राहणं या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. तिथे एआयसीपी ही नियोजनकाराची वैयक्तिक पात्रता टिकवायची तर दर दोन वर्षांनी ३२ प्रशिक्षण-गुण जमवावे लागतात. त्यात कायदा आणि नीतिमत्ता हे विषय टाळता येत नाहीत. आपल्याकडे वास्तुविशारदांना १९७२ चा कायदा आणि त्याखालची परिषद आहे. नियोजनकारांसाठी तसा केंद्रीय कायदा नाही. १९५१ पासूनची आयटीपीआय (इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया) ही त्यांची व्यावसायिक संस्था आहे. त्यामुळे पर्यावरण नियोजनात शिकत राहणं बरंचसं ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेलं आहे, आणि माझ्या मते प्रमाणपत्रांचा बाजार फुलायला हीच मोकळी जागा पुरते.

नव्याने येणाऱ्याने पहिल्यांदा मान्यताप्राप्त संस्थेत एखाद्या तज्ज्ञाच्या हाताखाली सहायक म्हणून काम धरावं. तिथे केलेलं कामच पुढे मूल्यांकनात दाखवता येतं. एकाच विषयात मुरावं. आणि पर्यावरण मंजुरीच्या ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समित्यांच्या बैठकांची इतिवृत्तं फुकट असतात, ती वाचावीत. कुठल्या अहवालात समितीने काय खोडलं, कुठला अभ्यास पुन्हा करायला लावला, हे त्यात लिहिलेलं सापडतं. बऱ्याच कोर्सांच्या स्लाइड्समध्ये ते सापडत नाही.

तरीही पैसे भरून कोर्स करायचाच असेल, तर आधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: शिकवणारे स्वतः कोणत्या विषयाचे मंजूर तज्ज्ञ आहेत, अभ्याससाहित्य शेवटचं कधी बदललं, आणि खऱ्या अहवालावर काम करायला मिळणार का. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर लांबलं, तर फोन ठेवायला हरकत नाही.