जुना कॉर्डलेस फोन डिजिटल लाइनवर कसा चालतो : पार्श्वभूमी

वडोदऱ्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील एखाद्या मराठी घरात तांब्याच्या तारेचा लँडलाइन काढून फायबरचे कनेक्शन घ्यायचे ठरले, की ज्येष्ठ मंडळी पहिल्यांदा विचारतात ते दिवाणखान्यातल्या जुन्या कॉर्डलेसबद्दल. तो बहुतेक वेळा बदलावा लागत नाही. याचे कारण समजण्यासाठी जुनी लाइन घरापर्यंत नेमके काय आणून देत होती, हे आधी पाहायला हवे.

ती लाइन म्हणजे दोन तारा. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांवरून त्यांतून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश वीजदाब येत असे, रिसीव्हर उचलताच मंडल पूर्ण होऊन डायल टोन ऐकू येई आणि घंटी वाजवण्यासाठी एक्स्चेंज त्याच तारांवर साधारण ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब पाठवीत असे. तबकडीचा फोन हे मंडल सेकंदाला दहा वेळा या वेगाने तोडून आकडे कळवीत असे. अमेरिकेत १९६३ पासून आकड्यांसाठी सूर वापरणारे बटणांचे फोन आले आणि पुढे ती पद्धत आपल्याकडेही रुळली. संक्रमणाच्या काळातील कित्येक फोनांवर पल्स (मंडल तोडून आकडे कळवणे) आणि टोन (सुरांनी कळवणे) यांतील निवडीसाठी एक छोटी कळ असे. ती कळ आज अनपेक्षितपणे महत्त्वाची ठरते.

कॉर्डलेसने या व्यवस्थेत काहीच बदलले नाही. त्याचा बेस, म्हणजे हँडसेट ज्यावर ठेवतो तो भाग, त्याच दोन तारांना जोडलेला असतो. बेस आणि हँडसेट यांच्यातला रेडिओचा व्यवहार एक्स्चेंजला दिसतच नाही. सुरुवातीचे ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झ पट्ट्यांतील अॅनालॉग (आवाज आकड्यांत न बदलता लहरींच्याच रूपात पाठवणारे) संच शेजारच्या घरातील संभाषणही पकडू शकत. १९९०च्या दशकात युरोपात ठरलेल्या डेक्ट मानकाने १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात डिजिटल आणि कूटबद्ध संभाषण आणले, तर काही कंपन्यांनी २.४ गिगाहर्ट्झचा मार्ग घेतला. मात्र बेसला घरातील वीज लागू लागली. वीज गेली तरी चालणारा फोन ही लँडलाइनची मोठी सोय होती, आणि ती फायबर येण्याच्या कितीतरी आधी कॉर्डलेसनेच संपवली होती, हे आज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

‘डिजिटल’ हा शब्दही वाटतो तितका नवा नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले दूरसंचार अभियंते सॅम पित्रोदा ज्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेशी १९८४ मध्ये तिच्या स्थापनेपासून जोडले गेले, त्या संस्थेने देशी डिजिटल एक्स्चेंज घडवली. अशा एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन प्रत्येकाचे ८ बिटांत रूपांतर होते; अॅनालॉग राहतो तो फक्त एक्स्चेंजपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा. फायबरने, माझ्या मते, मुख्यतः एवढेच केले की डिजिटल आणि अॅनालॉग यांच्यातली ती सीमा रस्त्यापलीकडच्या एक्स्चेंजमधून उचलून घरातल्या भिंतीवर आणली. जिओफायबरची व्यावसायिक सेवा ५ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली, बीएसएनएलही फायबरवर फोन देते. फायबर घरात ज्या डब्याला येऊन जोडली जाते, त्या दोन्हींच्या डब्यात टेलिफोनच्या पिनेसाठी एक खाच असते. तिच्यामागची चिप वीजदाब, डायल टोन आणि घंटी हे सगळे स्वतः तयार करते, त्यामुळे जुन्या बेसला आपण एक्स्चेंजलाच जोडलेले आहोत असे वाटते.

जेथे ही नक्कल अपुरी आहे, नेमकी तेथेच अडचण येते. अनेक डबे पल्स ओळखत नाहीत. डायल टोन येतो पण नंबर लागत नाही, अशी तक्रार असेल तर ती कळ टोनवर करून पाहावी. फोन करणाऱ्याचा नंबर पडद्यावर दाखवण्याच्या दोन पद्धती आहेत, एकीत तो पहिल्या घंटीच्या आधी सुरांनी येतो, दुसरीत पहिल्या व दुसऱ्या घंटीच्या मध्ये. डबा आणि फोन यांची पद्धत वेगळी असेल तर पडदा कोरा राहतो. २.४ गिगाहर्ट्झचा बेस वायफायशेजारी ठेवल्यास खरखर होते, म्हणून तो दूर न्यावा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावून फोन करावा लागतो, त्यामुळे फोनमध्ये पूर्वी साठवलेले मोबाइल नंबरही एकदा दुरुस्त करायला हवेत.

मोठ्या घरांत खोल्याखोल्यांतून जुनी वायरिंग असते. डब्याची तार तिला जोडली तर सगळे प्लग पुन्हा चालू होतात, पण त्याआधी बाहेरून येणारी तारांची जुनी जोडी पूर्ण तोडली पाहिजे. एक्स्चेंजचा दाब त्याच तारांवर आला तर डब्याचे नुकसान होऊ शकते.

विजेचा प्रश्न उरतोच, कारण फायबरमधून वीज येत नाही. डबा छोट्या यूपीएसवर ठेवला तर साधा तारेचा फोन त्यावरच चालतो. कॉर्डलेसच्या बेसला मात्र यूपीएसमधून वेगळी जोडणी द्यावी लागते.