तुटक रेषा म्हणजे बिनधास्त ओव्हरटेक नव्हे

रस्त्याच्या मधोमध तुटक रेषा दिसली की खुशाल ओव्हरटेक करावं, हा समज चुकीचा आहे. ती ओलांडायला मनाई नाही, एवढंच. समोर रस्ता मोकळा असल्याची हमी ती देत नाही.

हिशेब बघा. ताशी ६० किलोमीटरने चाललेल्या ट्रकला ताशी ८०ने मागे टाकायला साधारण १० सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही २२० मीटर जाता आणि समोरून ८०ने येणारी गाडीही तेवढंच अंतर कापते. म्हणजे साडेचारशे मीटर तरी रस्ता स्पष्ट दिसायला हवा, आणि तोही अगदी जेमतेमच. वळणाआधी किंवा चढाच्या माथ्याजवळ तो दिसतच नाही.

सलग आणि तुटक रेषा शेजारी-शेजारी असतील, तर तुमच्या बाजूची पाळा. ती सलग असेल तर ओलांडू नका, पलीकडची तुटक असली तरी.